एकाच ब्लेझरमधल्या सहा मुली

आमच्याकडे मुलीला स्थळ बघतात तशीच डिग्रीही बघतात. बैठक बसते, पोहे होतात, मोठी माणसं खुर्च्यांवर बसतात आणि जिच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं ती चहाचा ट्रे घेऊन उभी असते. फरक एवढाच, की स्थळाची चौकशी करतात. मुलगा खरंच नोकरीला आहे का, पितो का, घरावर कर्ज आहे का, हे कळल्याशिवाय कोणी हो म्हणत नाही. माझ्या पुतण्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मोठे भाऊजी मुलीच्या ऑफिसपर्यंत जाऊन आले होते. खालच्या पानवाल्याला विचारलं, वॉचमनला विचारलं, मग हो म्हणाले. डिग्री मात्र आम्ही कोणालाही न विचारता घरात आणतो. आणि स्थळ नाही पटलं तर मुलीला माहेरी परत तरी येता येतं.

मोठे भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. कारखान्यातून निवृत्त झालेले, राहायला आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, कांचघरला. सासरे लवकर गेले आणि माझ्या नवऱ्याचं शिक्षण भाऊजींनी केलं. तेव्हापासून त्यांचा शब्द आमच्या गढा भागातल्या घरातही चालतो. त्यांच्यासमोर माझा नवरा आजही सोफ्याला पाठ टेकत नाही.

यंदा माझी मुलगी बारावी झाली. गणित घेऊन, चांगल्या मार्कांनी. तिनं आपल्या मनानं बी.एससी.ला भूगर्भशास्त्र भरलं आणि सरकारी कॉलेजात तिला जागा मिळाली. कागद तपासून फी भरायला पुढच्या सोमवारपर्यंत मुदत होती. भाऊजींना हे कळलं आणि रविवारी बैठक बसली. ते आणि जाऊबाई बडा फुहाऱ्याच्या बाजारातून खोव्याची जिलेबी घेऊन आले. जिलेबी आली म्हणजे निर्णय झालेला आहे, आपण फक्त तोंड गोड करायचं, हे मला एवढ्या वर्षांत समजलेलं आहे.

"भूगर्भशास्त्र," भाऊजी म्हणाले. "म्हणजे दगड?"

"दगड, माती, खनिजं, पाणी," मुलगी म्हणाली.

"अरे बेटा, दगड तर इथं फुकट पडून राहिले. मदनमहलच्या टेकडीवर जा, बघ आन् घरी ये. त्याची डिग्री काहून पाहिजे?"

जाऊबाई हसल्या. "उद्या कोणी विचारलं सून काय करते, तर सासूनं काय सांगायचं? दगड फोडते?"

"मोठी आई, सासू अजून यायची आहे," मुलगी म्हणाली. "तिचं उत्तर ती देईल."

भाऊजींनी मग मुद्द्याचं काढलं. शहराबाहेर एक खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या एका माणसाशी त्यांनी बोलून ठेवलं होतं. कॉम्प्युटरची सीट तो आठवडाभर धरून ठेवणार होता. पैशांची चिंता करू नका, मी आहे, असंही ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. भाऊजी कंजूष नाहीत. आमच्या भल्याचंच बघतात. म्हणून तर त्यांच्याशी भांडणं अवघड जातं.

त्यांच्याकडे पुरावे दोन होते. पहिला, त्यांचा मुलगा. कॉम्प्युटर केलं, पुण्यात आहे, चांगलं कमावतो. हेही खरं आहे. पण त्याच्या वर्गात तो एकटा नव्हता. बाकीच्यांचं काय झालं, हे आमच्या घरात कोणी कधी विचारलं नाही. आमच्या नात्यात प्रत्येक विषयाला एक माणूस नेमलेला आहे आणि त्या माणसाचं जे झालं तोच त्या विषयाचा भाव. कॉम्प्युटर म्हणजे पुतण्या, म्हणून कॉम्प्युटर चांगलं. बी.एड. म्हणजे नवऱ्याची मावसबहीण. ती भरती निघायची वाट बघत चाळिशीला आली, म्हणून बी.एड. वाईट. कॉमर्स म्हणजे एक भाचा, जो कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. आणि गृहविज्ञान म्हणजे मी.

माझ्याही वेळी बैठक बसली होती. सासरी उपयोगी पडेल म्हणून मला गृहविज्ञानाला घातलं. भाऊजी आजही त्याला पोळपाट-लाटण्याची डिग्री म्हणतात. त्या डिग्रीवर मी सरकारी रुग्णालयात आहारतज्ज्ञ झाले. कुठल्या रोग्याच्या ताटात किती मीठ जायचं, कोणाचा भात बंद, कोणाला पातळ डाळ, हे बघते आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेते. पण मला नोकरी त्या विषयानं दिली, असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी पद निघालं म्हणून मिळाली. माझ्याच किचनमध्ये माझ्याच विषयाची, माझ्यापेक्षा जास्त मार्कांची मुलगी आज ठेक्यावर काम करते. तोच ॲप्रन, तेच रोगी, तीच ताटं. पगार मात्र असा, की मला तिच्यासमोर माझी पगाराची स्लिप उघडायला लाज वाटते. आता सांगा, गृहविज्ञानाला स्कोप आहे की नाही?

भाऊजींचा दुसरा पुरावा गढ्याच्या चौकातलं होर्डिंग होता.

"त्या कॉलेजचंच आहे. सहा मुलींचे फोटो लावले आहेत, खाली पॅकेज लिहिलं आहे. त्यातली एक तर आपलीच आहे, आडनाव वाचलं मी. आपल्या समाजाची पोरगी एवढं पॅकेज घेऊन राहिली आन् आपण काय दगड वेचायचे?"

माझा नवरा जिलेबीचा पाक बोटानं निपटत बसला होता. भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं. "तू बोल."

"दादा, तुम्ही म्हणता ते..." एवढं बोलून तो थांबला.

मला त्याचा राग आला. त्याहून जास्त राग मुलीचा चेहरा बघून आला, कारण ती बापाच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होती आणि ते येत नव्हतं.

मी म्हटलं, "भाऊजी, एक आठवडा द्या. स्थळ आणलंत, तर चौकशी करू द्या."

"कॉलेजची काय चौकशी करायची?"

"सूनबाईची केली तेवढीच."

जाऊबाईंनी ओठ मुडपले. भाऊजी म्हणाले, "कर. पण रविवारी मला उत्तर पाहिजे."

सोमवारी कामावर जाताना मी त्या चौकात स्कूटर थांबवली. त्या होर्डिंगखालून मी रोज जाते. पण वर बघायला गेलं तर मागचा रिक्षावाला अंगावर येतो. त्या दिवशी बाजूला उभी राहून नीट बघितलं. सहा मुली, सहाही जणी निळ्या ब्लेझरमध्ये. एकीच्या खांद्यावरून तो उतरत होता, दुसरीला छातीवर ताणला गेला होता, तिसरीच्या बाह्या बोटांपर्यंत. माझ्या आयुष्याची निम्मी वर्षं ॲप्रन वाटण्यात गेली आहेत. दुसऱ्याचा कपडा अंगावर कसा दिसतो ते मला कळतं. वरून दुसरं बटण सहाही ब्लेझरचं काळं होतं, बाकीची सोनेरी. ब्लेझर एकच होता.

आणि बाह्या लांब झालेली ती तिसरी मुलगी मला माहीत होती. भाऊजींनी वाचलेलं आडनाव तिच्याच फोटोखाली होतं. आमच्या रुग्णालयात पर्ची, म्हणजे केसपेपर, काढायच्या खिडकीवर बसते ती. रोज सकाळी मी तिच्यासमोरून जाते. ती ‘काकू, गुड मॉर्निंग’ म्हणते.

दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिच्याकडे गेले आणि सरळ विचारलं.

"हो काकू, मीच ती," ती म्हणाली. पोळीचा घास तिनं परत डब्यात ठेवला. "तुम्ही पण बघितलं? सगळे बघतात. पेशंट लोक पण ओळखतात. म्हणतात, मॅडम आप तो वो बोर्डवाली हो ना, इधर कैसे?"

"मग इकडे कशी?"

"फायनल इयरला ऑफर लेटर आलं होतं. खोटं नव्हतं, खरंच आलं होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजवाल्यांनी फोटो काढला. ब्लेझर त्यांचाच. सर लोकांच्या खोलीत टांगलेला असतो. एकीनं काढला की दुसरीनं घालायचा. मग जॉइनिंगची तारीख पुढे गेली. मग अजून पुढे. मग मेल आला, सॉरी म्हणून. आम्हा सहाही जणींना तोच मेल. खाली नाव तेवढं वेगळं."

"आणि फोटो?"

"मी गेली होती ना काकू, काढा म्हणायला. दोन-तीन चक्कर मारल्या. तर ते म्हणतात, बेटा, ऑफर तो मिला था ना? हमने कहाँ लिखा है कि नौकरी लगी? ऑफर लिखा है." ती हसली, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. "आता मला स्थळं येऊन राहिली त्या बोर्डवर. लोक पॅकेज वाचून येतात. घरी आल्यावर कळतं, पर्ची काढते. मग त्यांना काहीतरी काम आठवतं आणि ते उठतात. मम्मीनं पोहे करणं बंद केलं."

तिची नोकरीही ठेक्याची. इंजिनिअर झालेली मुलगी दिवसभर खिडकीतून विचारते, नाम बताइए, उमर बताइए. त्या कामात कमीपणा काही नाही, मी स्वतः रोग्यांच्या ताटांशी आयुष्य काढलं आहे. पण त्या कामासाठी चार वर्षांची फी लागत नाही. आणि जे आईबाप ते होर्डिंग बघून आपल्या मुलीची फी भरतात, त्यांना खिडकीतली ही मुलगी कोणी दाखवत नाही. दाखवतात ब्लेझर.

मी तिला विचारलं, "आमच्या घरी सांगू का हे?"

"सांगा काकू," ती म्हणाली. "कमसे कम कोणाच्या कामी तरी येऊ दे."

आता, चौकशी करायची तर दोन्हीकडची करायची. कॉम्प्युटरचा पाय घसरला म्हणून दगड उभे राहत नाहीत. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मुलीला घेऊन सरकारी कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या विभागात गेले. व्हरांड्यात दगडांचे नमुने भरलेली काचेची कपाटं होती. आत एक प्राध्यापक एकटेच बसले होते. मी त्यांना म्हटलं, सर, इसको पढ़ाने से पहले मुझे बताइए, ये खाएगी क्या?

ते दचकले नाहीत. म्हणाले, बहनजी, झूठ नहीं बोलूँगा. नुसत्या बी.एससी.वर काही नाही. एम.एससी. करावीच लागेल. सरकारी जागा निघतात, पण कमी निघतात आणि कधी निघतील ते सांगता येत नाही. खाणीवाले घेतात, पण मुलगी म्हटली की आधी विचारतात, साइट पर जाएगी? भूजलाचं काम आहे, बोअरवाल्यांच्या कंपन्या आहेत, सुरुवातीला पगार थोडा असतो. कॉम्प्युटरवर नकाशे करायला शिकली तर बरं. या गावात बसून राहायचं म्हणेल तर मात्र विसरा.

हे ऐकून मला आनंद झाला, असं मी लिहिणार नाही. झाला नाही. पण एक गोष्ट झाली होती. त्या माणसानं मला काही विकलं नव्हतं. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडून 'कमी' हा शब्द ऐकला होता.

घरी आल्यावर मुलीला विचारलं, "ऐकलंस ना? मग आता बोल. का पाहिजे तुला हे? आवडतं म्हणून सांगू नकोस. मला आवडीवर फी भरायची नाही."

तिनं विचार केला. मग म्हणाली, "आई, आपल्या गल्लीत दर उन्हाळ्यात बोअर होतो. कोणाला पाणी लागतं, कोणाला नाही. शेजारी शेजारी घर आहे, एकाला लागलं, दुसऱ्याला का नाही? मी सगळ्यांना विचारलं. कोणालाच माहीत नाही, आणि सगळे पैसे घालून राहिले. हे जाणणारं माणूस लागेलच ना कोणाला तरी? पगार कमी देतील, पण लागेल."

हे उत्तर मला पटलं. पूर्ण नाही, पण घराबाहेर पाऊल ठेवण्यापुरतं पटलं. मी माझ्या अटी घातल्या. एम.एससी. झाल्याशिवाय थांबायचं नाही, नकाशांचं काम पहिल्या वर्षापासून शिकायचं, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म निघाला की भरायचा, आणि साइटवर जायची वेळ आली की माझ्याकडे बघून रडायचं नाही. ती हो म्हणाली. बापाचं काय, असंही तिनं विचारलं.

रविवारी पुन्हा बैठक. या वेळी जिलेबी नव्हती. मी सगळं सांगितलं. ब्लेझर, बटण, ऑफर, मेल, पर्चीची खिडकी. प्राध्यापक जे म्हणाले तेही सांगितलं, एक शब्द न लपवता. जाऊबाई मध्येच "अरे देवा" म्हणाल्या. भाऊजी ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "पण ऑफर तर मिळाली होती ना पोरीला?"

कॉलेजवाले जे म्हणाले, तेच. शब्दाला शब्द. ते वाक्य मी एकदा त्या मुलीच्या तोंडून ऐकलं होतं आणि गिळलं होतं. दुसऱ्यांदा गिळता आलं नाही.

"भाऊजी, तुमच्या मुलाला मुलीकडच्यांनी हो म्हटलं असतं, हॉल बुक करायला लावला असता आणि लग्नाच्या दिवशी वरात रस्त्यात उभी करून सॉरी म्हटलं असतं, तर तुम्ही फोटो लावला असता का, हे आमचं लग्न म्हणून? तुम्ही समाजाच्या कमिटीवर आहात. दर वर्षी विहारात गुणवंतांचा सत्कार होतो. डॉक्टर-इंजिनिअरांना एकेकाला बोलावून शाल देता आणि बाकी सगळ्या विषयांना एकदम स्टेजवर चढवून एकच फोटो काढता. त्या मुलीलाही शाल दिली होती तुम्ही. नंतर ती कुठं आहे, एकदा तरी विचारलं? पर्चीच्या खिडकीवर तुम्ही स्वतः शुगरची पर्ची काढता तिच्याकडून! तिचं तोंड नाही बघितलंत, होर्डिंगवर आडनाव तेवढं वाचलंत."

मी जरा जास्त बोलले असेन. परत घेणार नाही.

भाऊजी म्हणाले, "ठीक आहे, ते कॉलेज नको. दुसरं बघू. पण दगडात भविष्य नाही, हे मी अनुभवानं सांगून राहिलो."

"कुठला अनुभव, मोठे बाबा?" मुलगी म्हणाली. ती ट्रे घेऊन उभीच होती. "तुमच्या अंगणात दोन बोअर कोरडे गेले. जागा कोणी दाखवली होती?"

जाऊबाईंना खोकला आला. कांचघरची ती गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी काढत नाही. एरवी अंधश्रद्धेवर दीड तास भाषण देणारे आमचे भाऊजी. पण बोअरच्या वेळी तळहातावर नारळ घेऊन फिरणारा माणूस बोलावला होता. नारळ जिथं उभा राहिला तिथं खोदलं. कोरडं गेलं. मग दुसऱ्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. तिथंही कोरडं.

"नारळवाल्याला..." भाऊजी म्हणाले आणि थांबले.

"पहिला कोरडा गेल्यावर पण त्यालाच बोलावलं," मुलगी म्हणाली. "कारण बाजूच्या घरी त्यानं दाखवलं तिथं पाणी लागलं होतं. एकाला लागलं ना, मग सगळ्यांना लागणार."

ती माझ्या पुतण्याचं नाव घेत नव्हती, पुण्याचंही नाही. घेण्याची गरज नव्हती. भाऊजींना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की हसू, ते मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

"तोंड फार चालतं हिचं," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "तू काही बोलशील की नाही?"

माझ्या नवऱ्यानं सोफ्याला पाठ टेकली. मी बघितलं, टेकली.

"दादा, मी उद्या सुट्टी टाकली आहे," तो म्हणाला. "तिला घेऊन जातो. कागद तपासायचे आहेत."

"कुठल्या कॉलेजात?"

"सरकारी."

भाऊजी उठले, चपला घातल्या. जिन्यावरून एवढंच म्हणाले, "उद्या रडत आले तर माझ्याकडे येऊ नका." जाऊबाई मागे राहिल्या आणि मुलीच्या कानात काहीतरी बोलल्या. नंतर कळलं, तिसऱ्या बोअरबद्दल विचारत होत्या.

सोमवारी आम्ही तिघंही गेलो. कागद तपासायच्या टेबलावरच्या बाबूनं तिची मार्कशीट बघितली, विषय बघितला, पुन्हा मार्कशीट बघितली. मग माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, "भाई साहब, इतने अच्छे नंबर हैं. ये क्या दिला रहे हो? कम्प्यूटर दिला दो, मैथ्स दिला दो. इसमें स्कोप क्या है?"

सरकारी कॉलेजाच्या टेबलावर बसून, पगार घेऊन, आपल्याच कॉलेजातल्या विषयाबद्दल! माझ्या तोंडात तयार होतं ते मी बोलणार होते. नवऱ्यानं माझा हात दाबला. त्याला स्वतःलाच बोलायचं होतं बहुतेक. पण मुलीनं दोघांनाही वेळ दिला नाही.

"भैया," ती म्हणाली, "एम.एससी. करके आऊँगी, तब बताऊँगी. अभी आप ठप्पा लगा दो."

त्यानं ठप्पा लावला. परत येताना चौकात सिग्नल लागला. होर्डिंगवर नवे फोटो चिकटवणं चाललं होतं. शिडीवरच्या माणसानं पाच जुने चेहरे झाकले होते, सहावा राहिला होता. लांब बाह्यांची मुलगी तशीच होती. शेजारी नवी मुलगी, अंगात निळा ब्लेझर, वरून दुसरं बटण काळं. मी नवऱ्याला दाखवलं. तो बघत राहिला. सिग्नल सुटला तरी बघत राहिला आणि मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून आम्हाला शिवी दिली.